आरशाची चौकट

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या घरांत, मग ते न्यू जर्सीतलं टाउनहाऊस असो की टेक्सासमधलं चार बेडरूमचं ऐसपैस घर, एक वस्तू हमखास सारखी सापडते. बाथरूममधल्या बेसिनवरचा आरसा. भिंतभर, सपाट, बिनचौकटीचा. खाली एक धातूची पट्टी आणि वर दोन-तीन प्लॅस्टिकच्या चिमट्या. घर बांधणाऱ्याने तो लावून दिलेला असतो आणि आपण रोज त्याच्यात बघत असलो तरी त्याच्याकडे कधी बघत नाही. पाहुणे यायचे असले की पुसतो, एवढंच. पंधरा-वीस वर्षांनी त्याच्या खालच्या कडेला काळपट डाग दिसायला लागतात, आणि मग घरात चर्चा सुरू होते : हा काढून नवा आणायचा, की त्याला कडेने लाकडाची चौकट मारून वेळ निभावून न्यायची?

मला या दुसऱ्या पर्यायाबद्दल लिहायचं आहे. पण सुताराच्या नव्हे, इतिहासाच्या अंगाने. कारण आरशाला चौकट नसणं ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. त्याआधीची तीन-चारशे वर्षं बिनचौकटीचा आरसा भिंतीवर टांगण्याचा विचारही कोणी केला नसता. आणि चौकटीचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजवाडे आणि सोनेरी नक्षी येते, पण बारकाईने पाहिलं तर तो बराचसा काटकसरीचा इतिहास आहे. खिसा लहान आणि हौस मोठी असणाऱ्यांनी तो घडवला आहे.

सुरुवात धातूपासून. ‘आरसा’ हा शब्द संस्कृत ‘आदर्श’वरून आला, आणि जुना आदर्श काचेचा नव्हताच. तांबं किंवा कासं घासून घासून चकचकीत करायचं. केरळात आरन्मुळा गावी आजही असा धातूचा आरसा ओततात. त्या मिश्रधातूत कथलाचं प्रमाण इतकं असतं की तो काचेसारखाच ठिसूळ होतो, म्हणून घासून झाल्यावर तो पितळेच्या चौकटीत बसवावा लागतो. म्हणजे तिथेही चौकट आधी गरज म्हणून आली आणि मग शोभा म्हणून राहिली. हे सूत्र पुढेही उपयोगी पडेल.

काचेच्या आरशाची खरी कथा सोळाव्या शतकात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर सुरू होते. तिथल्या कारागिरांनी स्वच्छ काच बनवण्यात हातखंडा मिळवला होता. तिला पाठ द्यायची पद्धत अशी : संगमरवरी पाटावर कथलाचा कागदासारखा पातळ पत्रा अंथरायचा, त्यावर पारा ओतायचा, पत्रा आणि पारा एकजीव व्हायला लागले की वरून काच हलकेच सरकवायची, तिच्यावर वजनं ठेवायची आणि मग पाट तिरका करून जास्तीचा पारा आठवडेच्या आठवडे निथळू द्यायचा. आपल्या आजीच्या घरी कल्हईवाला पितळेच्या पातेल्याला जे कथील लावायचा, तेच हे कथील. त्याने पातेलं आमटीसाठी सुरक्षित व्हायचं आणि आरसा मात्र करणाऱ्याच्या जिवावर उठायचा. त्याबद्दल पुढे.

ही कथील-पाऱ्याची पाठ फार नाजूक असे. बोट लागलं तरी ती खरवडायची. कडेने ओल शिरली की सुटायची. म्हणून आरशामागे लाकडाची फळी आणि कडेने ती फळी व काच एकत्र धरून ठेवणारी चौकट, हे त्या वस्तूचं अंगच होतं. चौकटीशिवाय आरसा म्हणजे सालाशिवाय केळं. हा मुद्दा लक्षात ठेवला की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

किंमत काय होती? फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोल्बेर १६८३ साली वारला, तेव्हा त्याच्या चीजवस्तूंची यादी झाली. तीत चांदीच्या चौकटीतला एक व्हेनिसचा आरसा होता. सुमारे ४६ इंच बाय २६ इंच, म्हणजे आपल्या बाथरूममधल्या आरशापेक्षा लहानच. त्याची किंमत धरली होती ८,०१६ लिव्र. त्याच यादीत राफाएलचं एक चित्र होतं, ते ३,००० लिव्र. एका सरदारीणबाईची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. तिने गव्हाची जमीन विकून आरसा घेतला आणि वर जमिनीत गव्हाशिवाय काही पिकत नव्हतं असं सांगून स्वतःच्या व्यवहारावर खूष झाली. आपल्याकडे असा सौदा केलेल्या सुनेचं काय झालं असतं, याची कल्पना वाचकांनी करावी.

हा पैसा व्हेनिसला जाऊ नये म्हणून कोल्बेरनेच १६६५ साली फ्रान्समध्ये आरशांचा शाही कारखाना काढला आणि मुरानोचे कारागीर फोडून आणले. व्हर्सायचा सुप्रसिद्ध आरसेमहाल १६७८ ते १६८४ या काळात उभा राहिला. तिथे १७ कमानी आहेत आणि प्रत्येक कमानीत २१ आरसे, एकूण ३५७. प्रवासी कंपनीबरोबर युरोप टूर केलेल्यांनी तो पाहिला असेलच. पण गर्दीतून वाट काढताना एक गोष्ट सहसा पाहायची राहते : एवढ्या श्रीमंत राजाच्या महालातसुद्धा एका कमानीला एक अखंड आरसा नाही. एवढी मोठी सपाट काच तेव्हा करताच येत नव्हती. फुंकून केलेल्या लहान लहान काचा सोनेरी पट्ट्यांनी जोडून कमान भरली आहे. म्हणजे तिथे चौकटीने सांधे झाकले आहेत. टेबलावर काच ओतून मोठा तक्ता करायची रीत फ्रान्सने त्यानंतर, १६८८ च्या सुमाराला बसवली, आणि ती पुढे सँ-गोबँ गावात रुजली.

मोठी काच करता यायला लागली तरी तिची किंमत आकारापेक्षा कितीतरी वेगाने वाढत असे. दुप्पट मोठा आरसा दुप्पट पैशांत मिळत नसे, चार-सहापट द्यावे लागत. इथेच काटकसरीला धुमारे फुटले. इंग्लंडमध्ये मधे एक मध्यम काच आणि कडेने अरुंद काचेच्या पट्ट्यांची किनार, अशा चौकटी निघाल्या; लांबून आरसा मोठा दिसावा. उंच आरसा हवा तर दोन तुकडे वर-खाली लावायचे आणि सांधा नक्षीखाली दडवायचा. फ्रान्समध्ये शेकोटीवरच्या उंच फळीच्या वरच्या भागात चित्र आणि खालच्या भागात आरसा लावत, त्यामुळे जागा भरायची आणि काच कमी लागायची. हे सगळे आज ‘अँटिक’ म्हणून मिरवतात.

चौकटीच्या लाकडाचंही तेच. हॉलंडमध्ये आबनुसाच्या काळ्याभोर, लहरी कोरलेल्या चौकटींची फॅशन होती. आबनूस दूरदेशाहून यायचं, महाग पडायचं. मग नासपतीच्या झाडाचं लाकूड काळं रंगवून तसंच दिसेल असं करायला लागले. सोन्याचा वर्ख परवडत नसेल तर चांदीचा वर्ख लावून वर पिवळसर रोगण फिरवायचं. महोगनी परवडत नसेल तर आत साधं पाइन आणि वरून महोगनीचा पातळ पापुद्रा. आणि कोरीवकाम परवडत नसेल तर? त्याला उत्तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात जोरात आलं. खडूची पूड, सरस, जवसाचं तेल आणि राळ यांचा कणकेसारखा गोळा मळायचा, तो गरम असताना कोरलेल्या लाकडी साच्यात दाबायचा, आणि निघालेली वेलबुट्टी चौकटीवर चिकटवायची. वर रंग किंवा वर्ख. एका कोरक्याने एकदा साचा कोरला की त्यातून शेकडो नक्ष्या. नारळाच्या वड्या किंवा साच्यातले पेढे करणाऱ्या घरात वाढलेल्याला यात नवल वाटणार नाही. रॉबर्ट अ‍ॅडमसारख्या नामांकित वास्तुकाराने हे उघडपणे वापरलं. उच्चभ्रू घरांतल्या ज्या चौकटींपुढे आपण माना डोलावतो, त्यांतल्या कित्येक अशा ‘कणकेच्या’ आहेत.

आता जरा आपल्या इकडे. मी फिलाडेल्फियाजवळ राहतो, म्हणून या शहराचा मान आधी. १७५० च्या दशकात इथे जॉन इलियट नावाच्या सुतार-व्यापाऱ्याचं आरशांचं दुकान होतं. काच इंग्लंडहून यायची, चौकटीही बऱ्याचदा तिकडच्या. प्रत्येक आरशामागे त्याने छापील चिठ्ठी डकवलेली असे, आणि पेनसिल्व्हानियात जर्मन वस्ती मोठी असल्यामुळे ती इंग्रजी आणि जर्मन अशा दोन्ही भाषांत. (गिऱ्हाइकाच्या मातृभाषेत पाटी लावण्याचा शहाणपणा एडिसनच्या ओक ट्री रोडवर सुरू झाला, असा कोणाचा समज असेल तर तो दुरुस्त करून घ्यावा.) मला त्या चिठ्ठीतली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे इलियट फक्त नवे आरसे विकत नव्हता. जुन्या काचेला पुन्हा पारा लावून देतो, जुन्या आरशाला नवी चौकट करून देतो, आणि तुमची चौकट असेल तर तिच्यात नवी काच बसवून देतो, असंही त्याने छापलं होतं. काच इतकी महाग होती की ती कोणी टाकत नसे. चौकट बदलायची, काच पिढ्यान्‌पिढ्या राहायची.

१८२० ते १८४० च्या सुमारास अमेरिकेत आणखी एक स्वस्त चौकट फार चालली. लेथवर गोल खांब कातायचा, तो उभा चिरून दोन अर्धे खांब करायचे, ते सपाट पट्ट्यांवर चिकटवायचे आणि चार कोपऱ्यांत चार चौकोनी ठोकळे, बहुधा त्यांवर पितळेचं फूल. या ठोकळ्यांमुळे ४५ अंशांचा कोन कापायची गरजच राहिली नाही. ज्यांनी कधी चौकटीचा कोपरा जुळवायचा प्रयत्न केला असेल, त्यांना यातली सोय वेगळी सांगायला नको. शेतकरी, लहान दुकानदार, शाळामास्तर यांच्या भिंतीवर पहिला आरसा आला तो बऱ्याचदा अशा चौकटीतून.

हे सगळं वाचायला गमतीचं आहे, पण पाऱ्याचा हिशेब राहिलाच. जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ फ्युर्थ हे आरशांचं मोठं केंद्र. स्वस्त आरसे जगभर इथून जात. बंद खोल्यांत पाऱ्याच्या वाफा घेत पुरुष आणि बायका काम करत. हातांना कंप सुटायचा, दात पडायचे, माणूस भित्रा आणि चिडचिडा व्हायचा, अनोळखी माणसापुढे बोलताना थरथरायचा. आडोल्फ कुसमाउल या डॉक्टरने फ्युर्थ आणि एर्लांगेनच्या या कामगारांवर १८६१ साली ग्रंथच लिहिला. स्वस्तात मिळालेल्या वस्तूची उरलेली किंमत कोणीतरी दुसराच देत असतो, हे तेव्हाही खरं होतं. ज्या चेहऱ्यांनी त्या आरशांत कौतुकाने पाहिलं, त्यांना पाठीमागचे हात दिसले नाहीत. फळी आणि चौकट मध्ये होती.

यातून सुटका झाली ती रसायनशास्त्रामुळे. युस्टुस फॉन लीबिगने १८३५ साली पाहिलं की चांदीच्या द्रावणात विशिष्ट रसायन घातलं तर भांड्याच्या आतल्या बाजूला चांदीचा आरसा धरतो. १८५६ पर्यंत त्याने काचेवर चांदी चढवायची व्यवहार्य रीत बसवली. पारा सोपा आणि सवयीचा, म्हणून कारखानदार लगेच वळले नाहीत. पण विसाव्या शतकाच्या तोंडाशी चांदीने पाऱ्याला बहुतेक सगळीकडून हटवलं. चांदीच्या पाठीवर तांब्याचा थर आणि वरून रंग देता येऊ लागला. पाठ टणक झाली. फळीची गरज संपली.

इकडे काचही स्वस्त होत होती. इंग्लंडमधला काचेवरचा कर १७४५ च्या कायद्याने आला होता, तो बरोबर शंभर वर्षांनी, १८४५ साली उठला. अमेरिकेत पिट्सबर्ग प्लेट ग्लास कंपनी १८८३ साली निघाली आणि जाड काच देशातच मोठ्या प्रमाणावर व्हायला लागली. शेवटचा घाव १९५९ चा. इंग्लंडमधल्या सेंट हेलन्सच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथलाच्या कुंडावर काच तरंगवून सपाट करायची कृती जाहीर केली. घासणं नाही, पॉलिश नाही. दोन्ही बाजू आपोआप आरस्पानी. पहा, कथील पुन्हा आलंच. एकेकाळी आरशाच्या पाठीला होतं, आता काचेच्या पोटाखाली गेलं.

दरम्यान बाथरूमचंही रूप पालटलं. जंतूंची भीती घरोघर पोहोचली तशी पांढऱ्या टाइल्स, पांढरं बेसिन, धूळ बसेल अशी नक्षी नको, हा नवा धर्म झाला. चौकटीच्या खाचांत ओल आणि धूळ साठते, म्हणून ती नकोशी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर घरं झपाट्याने उठू लागली तेव्हा घर बांधणाऱ्याला चारशे वर्षांत पहिल्यांदाच असा आरसा मिळाला, ज्याला चौकट लागत नव्हती आणि जो चौकटीपेक्षा स्वस्त होता. त्याने ती गाळली. कोल्बेरच्या आरशापेक्षा मोठा आरसा आज दाढीच्या साबणाचे शिंतोडे झेलत उभा आहे, आणि त्याला साधी पट्टीही नाही.

आपल्या देशातला प्रवास थोडा वेगळा. शनिवारवाड्यातही आरसेमहाल होता. १८२८ च्या आगीत वाड्याबरोबर तोही गेला. पण सामान्य मराठी घरात आरसा भिंतीवर नव्हताच मुळी. तो फणेरपेटीच्या झाकणात असायचा. पेटी उघडायची, झाकण तिरकं टेकवायचं, वेणी घालायची, कुंकू लावायचं, पेटी मिटली की आरसाही मिटला. पेटीच त्याची चौकट, पेटीच त्याचं कपाट. ज्याला पेटी परवडत नसेल त्याला जत्रेत पत्र्याच्या चौकटीतला तळहाताएवढा आरसा मिळायचा. विहिरीवर दाढी करणाऱ्या माणसाने तो झाडाच्या खोडाला खिळा मारून अडकवलेला आमच्या गावात मी कितीदा पाहिला आहे. त्या पत्र्याच्या मागे पुठ्ठा असे आणि कडा दुमडून काच धरलेली असे. तत्त्व मुरानोचंच.

माझा या विषयाशी हाताने संबंध आला तो २००९ साली. आर्थिक मंदीत नोकरी गेली होती, घर विकायला काढावं लागणार अशी चिन्हं होती, आणि घर दाखवण्याआधी बाथरूमचं ‘काहीतरी करा’ असं एजंटबाईंनी सांगितलं होतं. आरसा ६० इंच बाय ३६ इंच, खालच्या कडेला काळे डाग. नवा आरसा, जुना काढणं, त्याच्यामागची भिंत दुरुस्त करणं, हा खर्च त्या महिन्यात शक्य नव्हता. बायको म्हणाली, “खर्च वीस डॉलरच्या आत, नाहीतर डाग राहू देत.”

चौकट बाहेरून ६१ बाय ३७ इंच ठरवली. साडेतीन इंच रुंदीची पाइनची फळी आठ फुटांची, म्हणजे ९६ इंच मिळते. कोपरे ४५ अंशांत कापले तर ६१ आणि ३७ मिळून ९८ इंच होतात. दोन इंचांसाठी तिसरी फळी. पण उभ्या पट्ट्या पूर्ण ३७ इंच ठेवल्या आणि आडव्या त्यांच्यामध्ये सरळ टेकवल्या, तर आडवी होते ५४ इंच. ३७ आणि ५४, एकूण ९१. दोन फळ्यांत काम. अर्ध्या खांबांच्या त्या शेतकरी चौकटींचं गणित मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण दोन्हीकडे अडचण एकच आणि उत्तरही जवळजवळ एकच.

ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. चौकट काचेवरच चिकटवायची, आरसा हलवायचा नाही. प्लॅस्टिकच्या चिमट्या येतात तिथे फळीच्या मागे पटाशीने खाच पाडायची. फळीची मागची बाजू, निदान आतल्या कडेला, पुढच्याच रंगात रंगवायची, कारण काचेच्या जाडीमुळे ती आरशात दिसते आणि कच्चं लाकूड तिथे डोळ्यांत खुपतं. बाथरूमच्या वाफेसाठी लाकडाच्या सगळ्या बाजूंना रंग हवाच. डिंक सुकेपर्यंत रंगाऱ्याच्या चिकटपट्टीने रात्रभर धरून ठेवायचं. आणि डाग झाकले म्हणजे थांबले असं नव्हे. ते चांदीला ओलीने आणि अमोनियाच्या फवाऱ्याने पडतात. फवारा काचेवर न मारता फडक्यावर मारावा, आणि खालच्या कडेशी पाणी साचू देऊ नये.

रंग बेसमेंटमध्ये उरलेला होता. फळ्या आणि डिंकाची नळी मिळून सोळा डॉलर आणि वर काही सेंट झाले. घर विकायची वेळ आली नाही. सहा महिन्यांनी नोकरी लागली, पगार आधीपेक्षा कमी. दोन फळ्यांचे मिळून जे नऊ-साडेनऊ इंच लाकूड उरलं, ते दोन्ही तुकडे रंगवून बायकोने आरशाच्या शेजारी टॉवेलच्या खुंट्या ठोकायला लावले.